दुसरी वेलांटी

अक्काने घाईघाईने वर्तमानपत्र उघडलं... तीन महिने ज्या भावाशी ती एक शब्द बोलली नव्हती, त्याचंच नाव कथास्पर्धेच्या अंतिम यादीत असावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता!

आई-वडील गेले तेव्हा कॉलेज सोडून ती छापखान्यात प्रुफं तपासायला बसली, ती वीस वर्षं बसलीच. धाकटा शिकला, शाळेत मास्तर झाला, कथा लिहू लागला, आणि दरवर्षी स्पर्धेला जाणाऱ्या त्याच्या कथेतल्या चुका अक्काच काढू लागली. यंदा शेवट जमला नाही असं तिने सांगितलं मात्र, स्वारी भडकली. तुला फक्त चुका दिसतात, म्हणाला. कथा कशाशी खातात ते तुला काय कळणार! ज्याच्यासाठी आपलं सारं लिहिणं ट्रंकेच्या तळाशी घातलं, त्यानेच हे म्हणावं... तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं. त्या दिवसापासून ती त्याला वेळेवर जेवायला वाढायची, पण बोलायची नाही.

यादीत दहा नावं होती. त्यांचं आडनाव घरोघरी सापडणारं, यादीतही तिघांचं तेच; म्हणून ती फक्त धाकट्याचं नाव शोधत होती. नव्हतं. पुन्हा पाहिलं... नव्हतंच! राग कुठल्या कुठे पळाला आणि मायेने तिचा ऊर भरून आला. सवयीने पेन्सिल मात्र हातात आली होती. पाचव्या नावात पहिली वेलांटी पडली होती, तिथे दुसरी हवी होती. तिने खूण केली आणि मान वर केली. धाकटा समोरच उभा होता.

"नाही रे आलं तुझं नाव," ती म्हणाली. "मन लहान करू नकोस."

त्याने वाकून ती खूण पाहिली आणि तो हसायलाच लागला. हसता हसता त्याचे डोळे वाहू लागले.

"चूक काढलीस, अक्का. नाव वाचलंस का?"

तिने वाचलं. ते तिचंच होतं!

मग सगळं बाहेर आलं. भांडणानंतर कोरे कागद शोधायला त्याने ट्रंक उघडली होती, आणि जुन्या प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूंवर तिने लिहिलेली कथा वाचता वाचता त्या दिवशीची शाळा बुडाली होती. एका घरातून एकच कथा चालेल असा स्पर्धेचा नियम. त्याने स्वतःची बाजूला ठेवली, तिची सुवाच्य अक्षरात उतरवून काढली आणि पाठवली. मला विचारायचं तरी, असं ती पुटपुटली, तर तू बोलत कुठे होतीस, म्हणाला.

आनंदाने की लाजेने, अक्काला काही सुचेना. मग प्रुफं तपासणारी बाई जागी झाली.

"पण माझ्या नावात चूक कोणी केली?"

धाकट्याची मान खाली गेली. "मीच. जन्मात कधी तुझं नाव लिहायची वेळच आली नव्हती गं... मला तू नुसती अक्काच माहीत."

अक्काने पदराने डोळे पुसले आणि वर्तमानपत्राचा कोरा समास त्याच्यापुढे सरकवून पेन्सिल त्याच्या हातात कोंबली.

"दहा वेळा लिही," ती म्हणाली. आणि शाळेतला मास्तर बहिणीपुढे मांडी घालून मुकाट्याने तिचं नाव गिरवू लागला.