सात दहाचा साक्षीदार

“बाहेर!”

तिच्या तोंडून त्याच्यासाठी निघालेला हा पहिला शब्द. प्रेमकथेला शोभणारा नाही, पण काय करणार... निघाला तो असा.

विद्यापीठाच्या वंध्यत्व केंद्रातली ती सगळ्यात आतली खोली. मंद उजेड, सदतीस अंशांवर घुमणारी उबेची कपाटं, आणि कपाटांमध्ये बशीएवढ्या डिशांतून वाढणारे, कुणाकुणाचे जीव टांगून ठेवणारे टिंबाएवढे भ्रूण. त्यांची राखण ती करायची. पदवी भ्रूणतज्ज्ञाची. केंद्रात सगळे तिला ‘भ्रूणताई’ म्हणत, आणि घरी आत्या म्हणायची, “दिवसभर अंडी उबवत बसते आमची पोरगी.”

तर या खोलीत त्या सकाळी एक नवा माणूस शिरला. टोपी, मास्क, झगा, सगळं नियमाप्रमाणे. फक्त त्याच्याआधी त्याचा सुवास आत आला.

“मी नवीन—”

“तुम्ही सेंट मारलाय.”

“थोडासाच. बहिणीने दिला होता, पहिल्या दिवसासाठी म्हणून...”

“बहिणीला माझा नमस्कार सांगा आणि बाहेर जा. इथे अकरा भ्रूण आहेत. त्यांना नाक नाही, पण वास बाधतो.”

“आंघोळ करून येऊ?”

“दोनदा. आणि साबण बिनवासाचा.”

अर्ध्या तासाने तो परत आला तेव्हा टोपीखालून कानामागे पाणी ओघळत होतं. त्याने मनगट तिच्यापुढे धरलं. तपासा!

तिने मास्क न काढता वाकून वास घेतला. वास नव्हता. तरी ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली... असं नंतर केंद्रातल्या मोठ्या सिस्टर सांगत. त्यांचं ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

*

पायरी: डिश बदलणे
वेळ: सकाळी ७.१०
करणार: ती
साक्षीदार: तो

*

हा काय प्रकार, ते सांगायला हवं. या खोलीत कुणीही एकट्याने काही हलवायचं नाही. भ्रूण एका डिशमधून दुसऱ्या डिशमध्ये जाणार, तर एकाने डिशवरचं नाव आणि आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने फायलीतला. जुळलं, की दोघांच्या सह्या. न जुळलं तर काय, हा विचारही इथे कुणी मोठ्याने करत नाही. दुसऱ्याचं बाळ तिसऱ्याच्या घरी, अशी ती गोष्ट.

तिची नेहमीची साक्षीदार बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. (ती रजा नाकारायची हिंमत या केंद्रात कुणाची?) म्हणून पुरुषांच्या तक्रारी बघणारा हा नवा डॉक्टर रोज सकाळी वीस मिनिटांसाठी उसना मिळाला. सात दहा ते साडेसात. मग तो पुढच्या इमारतीत त्याच्या ओपीडीत जायचा, ती मागच्या इमारतीत तिच्या कपाटांपाशी राहायची.

“घरी काय सांगता, कसले डॉक्टर आहात ते?” तिने एकदा विचारलं. नजर सूक्ष्मदर्शकात.

“आई नातेवाइकांना मूत्रपिंडाचा सांगते.”

“खोटं?”

“म्हणते, पत्ता जवळपासचाच आहे ना.”

तिने डिशपासून हात मागे घेतला आणि हसू दाबलं.

“साक्षीदाराने करणाऱ्याला हसवायचं नसतं.”

“नियमावलीत नाहीये तसं. मी वाचलीय.”

“मी घालेन.”

“घाला. मी सही करतो.”

रोज वीस मिनिटं. आठवड्याचे सहा दिवस. मधल्या शांततेत कपाटांची घुमघुम, आणि मास्कच्या वर फक्त दोन डोळे.

*

“डोळे कसे आहेत ते चारदा सांगितलंस. नाक?”

“आत्या, नाक असेलच की गं.”

“पाहिलं नाहीस?”

“मास्क असतो.”

“चार महिने?”

“...चार महिने.”

“अगं, मी तुझ्या काकांचं नाक पहिल्या मिनिटात पाहिलं होतं, म्हणून सावध तरी झाले.”

*

मग नाकही दिसलं. कँटीनच्या रांगेत तिने काउंटरवर “एक कॉफी, साखर नको” म्हटलं, आणि तिच्यापुढचा माणूस गर्रकन वळला.

“मॅडम? तुम्ही?”

नाक जरा डावीकडे झुकलेलं. बरं होतं.

“ओळखलंत कसं?”

“आवाजावरून. रोज सकाळी आकडे ऐकतो की.” तो तिच्याकडे पाहतच राहिला. “तुम्हाला हनुवटी आहे!”

“म्हणजे? नसते का लोकांना?”

“असते... पण अशी नसते.”

मागचा माणूस खाकरला. तिने कॉफी घेतली, ती साखरेच्या भांड्यापाशी नेली आणि दोन चमचे साखर टाकली. साखर नको म्हणालेल्या बाईने. तो पाहत होता.

त्या दिवसापासून मास्कमागचा चेहरा तिला दिसायला लागला. मास्क असतानाही. पंचाईत झाली ती इथूनच.

*

पायरी: भ्रूण प्रत्यारोपणाच्या डिशमध्ये घेणे
वेळ: सकाळी ७.१०
करणार: ती
साक्षीदार: तो

भिंतीतल्या छोट्या खिडकीपलीकडे, शेजारच्या खोलीत, एक बाई पलंगावर आडवी होऊन वाट पाहत होती. तिचा एकच भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत तगला होता. एकच.

भ्रूणताईने नाव आणि आकडा म्हटला.

“बरोबर,” तो म्हणाला.

दोघांनी सह्या केल्या. पेन परत देताना बोटाला बोट लागलं, आणि ती त्याच्या हातांकडे बघून हसणार—

फाइल उलटी होती.

त्याच्या हातातली फाइल... डोकं खाली, पाय वर. उलट्या फायलीतला आकडा त्याने ‘बरोबर’ म्हटला होता. क्षणभर तिला खरंच हसू फुटलं. दुसऱ्या क्षणी ते विरलं, कारण तिने समोरच्या डिशकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, की झाकणावर वाफ धरली होती. त्यावरचं काही वाचताच येत नव्हतं. मग आपण वाचलं काय? आपण वाचलंच नाही. आकडा काल कागदावर पाहिलेला, पाठ होता. आपण नुसता म्हटला. आणि म्हणताना बघत होतो... मास्कच्या वर.

“थांबा,” ती म्हणाली. “हात लावू नका कशाला.”

त्याने फायलीकडे पाहिलं. कपाळापर्यंत पांढरा पडला.

मोठ्या सिस्टरना बोलावलं. वाफ पुसली. तिने डिशवरची अक्षरं एकेक करून वाचली, सिस्टरनी सुलट्या फायलीतून. नाव जुळलं. आकडा जुळला. सगळं जागच्या जागी होतं.

“सगळं ठीक ना हो, डॉक्टर?” खिडकीपलीकडून आवाज आला.

“ठीक आहे. आम्ही पुन्हा एकदा वाचून घेतलं.”

“वाचा, वाचा. सावकाश वाचा. सहा वर्षं थांबलेय, सहा मिनिटांनी माझं काय जातंय!”

*

“चूक माझी,” बाहेर आल्या आल्या तो म्हणाला. “फाइल माझ्या हातात होती. मी लिहून देतो.”

“दोघांनी लिहायचं असतं. वेगवेगळं. एकमेकांना न दाखवता, न विचारता. दुपारी विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर.”

“तोवर बोलायचं नाही?”

“या विषयावर नाही.”

“दुसरा विषय आहे कुठे आपल्याकडे?”

ती नोंदींच्या खोलीकडे निघाली.

*

घटना: दुहेरी पडताळणी न वाचता झाली. भ्रूण सुरक्षित. रुग्णाला इजा नाही.

कारण: घाई

(खोडलं. सात दहाला कसली घाई?)

कारण: थकवा

(खोडलं. आठ तास झोपली होती ती. आत्याने हलवून उठवलं होतं.)

कारण:

नोंदींच्या खोलीत ती पेन घेऊन बसली. खरं कारण एका ओळीचं होतं. पण ते लिहिलं, की नियम सातवा लागू. जवळचे संबंध असलेल्यांनी एकमेकांचे साक्षीदार व्हायचं नाही. म्हणजे सात दहा गेले. साडेसात गेले. वीस मिनिटांची सगळी इस्टेट एका ओळीत साफ.

आणि त्याने नुसतं ‘रात्री झोप झाली नव्हती’ एवढंच लिहिलं असेल तर? तर संबंध एकटीचाच. मग केंद्रभर हसं. मोठ्या सिस्टर एका अर्ध्या दिवसात ते गेटवरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोहोचवतील.

‘थकवा’ पुन्हा लिहावा का? कोण तपासणार होतं?

सहा वर्षं थांबलेय, म्हणाली होती ती बाई. सावकाश वाचा, म्हणाली होती.

तिने लिहिलं. खाली आणखी एक रकाना होता: ‘हे आधीपासून होत होते काय? असल्यास, केव्हापासून?’ तोही भरला. कागदाची घडी घातली आणि मॅडमच्या टेबलावर उपडी ठेवून आली. उपड्या कागदाशेजारी आधीच एक उपडा कागद होता.

*

विभागप्रमुख मॅडमनी आयुष्यात दोनच गोष्टींवर विश्वास ठेवला होता, सूक्ष्मदर्शकावर आणि लेखी पुराव्यावर. दोघांना समोर बसवून त्यांनी चष्मा चढवला.

“कारण,” त्यांनी पहिला कागद वाचला. “‘आकडा डिशवरून वाचला नाही, पाठ म्हटला. माझं लक्ष साक्षीदाराकडे होतं.’”

तिने नजर टेबलाच्या कडेवर रोवली. कड कुठे कुठे झिजली आहे ते तिला त्या मिनिटात पाठ झालं.

“दुसरा कागद. कारण. ‘फायलीकडे पाहिलं नाही. करणाऱ्या व्यक्तीकडे पाहत होतो.’” मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. “हे जुळतंय.”

कुणी श्वास घेतला. कुणी ते सांगता येणार नाही.

“केव्हापासून? यांचं उत्तर, ‘तीन आठवडे. कँटीनपासून.’ आणि तुमचं, डॉक्टर...” मॅडम थांबल्या, चष्मा पुसला, पुन्हा चढवला. “‘पहिल्या दिवसापासून. दोनदा आंघोळ केली तेव्हापासून.’ इथे तफावत आहे. चार महिन्यांची.”

“मला... उशिरा लक्षात आलं,” ती म्हणाली.

“मला वाटतं त्यांचंच बरोबर आहे, मॅडम,” तो घाईघाईने म्हणाला. “म्हणजे, मी त्यांचं मान्य करतो. काहीही असो. तीन आठवडे तर तीन आठवडे.”

“तुम्ही पुन्हा न वाचताच ‘बरोबर’ म्हणताय, डॉक्टर.”

मॅडमचा चेहरा जराही हलला नाही. पण पेन उचलताना त्यांनी तोंडावर रुमाल धरला, आणि सर्दी तर त्यांना नव्हती.

“चूक गंभीर आहे. नशीब म्हणा, की तुम्हीच पकडलीत आणि तुम्हीच लिहिलीत. खोटं लिहिलं असतंत, तर मी तुम्हा दोघांनाही त्या दारातून आत येऊ दिलं नसतं. ‘उपाय’ हा रकाना मी भरते.” त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. “‘उद्यापासून सकाळची साक्षीदार मोठ्या सिस्टर. दोघांनी एकमेकांकडे कामाच्या वेळेबाहेर पाहावे.’ सह्या करा. वाचून.”

दोघांनी वाचलं. शब्दन् शब्द. सह्या केल्या.

*

बाहेर लांबलचक व्हरांडा. दुपारचं ऊन फरशीवर चौकोन चौकोन पडलेलं. टोप्या नाहीत, मास्क नाहीत, वाचायला काही नाही.

“वीस मिनिटं गेली,” ती म्हणाली.

“गेली.”

“वाईट वाटतंय?”

“फार.” तो हसत होता. “तुम्हाला?”

“मलाही.” तीही हसत होती. “आपण रडायला हवं होतं नाही का?”

“थोडं नंतर रडू. आत्ता एक विचारू?”

“विचारा.”

विचारायचं सोडून तो नुसता उभा राहिला. सरळ तिच्याकडे बघत, मान न वळवता.

“काय बघताय असं?”

“आत्ता इथे कुणाचं काही सांडणार नाही ना? कुणाचं काही चुकणार नाही?”

तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. व्हरांडा रिकामा होता.

“नाही.”

“मग बघू दे की.”

तिने बघू दिलं.