केसरबाईचा भारा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. हे माझ्या सख्ख्या मावशीसोबत घडलंय, म्हणून सांगते. सत्यशीला मावशी. १९८६ चा वैशाख, भर दुपार, चंद्रपूरच्या एका दवाखान्यातली फिजिओथेरपीची खोली; मावशी तिथं काम करायची.

मूल गावाकडची कुंता मानेच्या दुखण्यासाठी यायची. जंगलातून सरपणाचे भारे वाहून वाहून बाई पार झिजली होती. बोटं बधिर. लेकरू हातून सुटेल या भीतीनं ती त्याला उचलतच नव्हती.

मावशीनं तिला स्टुलावर बसवलं. हनुवटीखाली पट्टा, वर कप्पी, दोरीच्या टोकाला वाळूची पिशवी. पिशवी खाली ओढणार, मान वर ताणली जाणार.

"बाई, मले डोक्यावर वजन वाटते."

"काऊन? डोक्यावर तं काहीच नाई."

"केसरबाईचा भारा हाय..."

केसरबाई म्हणजे तिची जाऊ. डोक्यावरचा भारा एकटीला उतरवता येत नाही, सोबतीण हात लावते. एक दिवस जंगलातून येताना कुंता तिला मागे टाकून पुढे निघून आली होती. केसरबाई भाऱ्यासकट वाटेतच पडली, ती उठलीच नाही.

"असं मनात आणू नको माय," मावशी म्हणाली.

तेवढ्यात कप्पी वाजली.

कर्र...

वाळूची पिशवी वर चढत होती.

आणि कुंताची मान खांद्यात रुतत चालली होती... कोणी वरून दाबल्यासारखी.

मावशीनं पट्टा सोडायला हात घातला. पट्टा सुटेना. दाराशी कुंताच्या सासूच्या मांडीवर तिचं लेकरू किंचाळलं.

"थांब वो, मी हात लावतो!" मावशी म्हणाली.

मावशीनं कुंताच्या डोक्यावर, हवेतच, दोन्ही हात लावले.

हाताला खरखरीत साल लागली...

ते जे काही होतं, ते तिनं जीव खाऊन उचललं आणि बाजूला टाकलं. पिशवी खाली आली.

पण भारा पडल्याचा आवाज आलाच नाही.

त्याच संध्याकाळी कुंतानं लेकरू कडेवर घेतलं. रडत रडत हसत होती बिचारी.

मावशीची मान मात्र त्या दिवशी धरली, ती धरलीच. शेक झाले, व्यायाम झाले, पट्टा स्वतःला लावून झाला. छे!

परवा चहा पिताना तिची मान हळूहळू खाली जायला लागली... मला बघवेना. मी दोन्ही हात तिच्या डोक्याकडे नेले.

"हात लावू नको!" ती ओरडली. "लावशीन तं भारा तुह्या डोक्यावर येईन!"

मी हात मागे घेतले. सांगायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं.

मावशी उठली. दारातून जाताना वाकली.

आमचं दार चांगलं उंच आहे.