खिसा असलेला फ्रॉक

ट्रायलच्या पडद्याआडून संस्कृती बाहेर आली ती चक्क पँट घालून. दोन्ही हातांनी कमरेशी धरलेली, पायात लोळणारी, मुलांची राखाडी पँट.

"माऊ, मला हाच ड्रेस पाहिजे!"

तेजल बघतच राहिली. शाळा सुरू व्हायला आठवडाच उरलेला, त्यात रविवार; निगडीतल्या युनिफॉर्मच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका हातात बूट, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि समोर ही.

"अगं, ही कुठून आणलीस?"

उत्तर पडद्यामागून आलं, रडवेलं. "निमिष... माझी पँट गेली!"

शेजारी कुणीतरी मोठ्यानं हसलं. उंच, चष्मेवाला, खांद्यावर मोज्यांच्या जोड्या टाकलेला एक माणूस.

"तुमच्या मुलीनं आमच्या ओमची पँट पळवली."

"मुलगी नाही, भाची आहे," तेजल म्हणाली. "आणि पळवली नाही. तपासून बघत असेल."

"मग? पास झाली का?"

तेजलला हसू आलं. चाकणच्या कंपनीत दिवसभर ती हेच करायची – गाड्यांचे पार्ट तपासायचे, पास नाहीतर रिजेक्ट. ह्याला कसं कळलं?

"हिला खिसे आहेत," संस्कृतीनं जाहीर केलं. "फ्रॉकला नाहीत. मग मी दगड कुठं ठेवायचे?"

"कसले दगड?" त्यानं गंभीरपणे विचारलं.

"रस्त्यात सापडतात ना... छान छान."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "बरोबर आहे तुझं. खिसा पाहिजेच. आपण असं करू, तू ओमची पँट परत दे. बाहेर विमलबाई बसतात, त्यांना सांगू फ्रॉकला खिसा लावायला. चालेल?"

संस्कृतीनं थोडा विचार केला. "दोन खिसे."

"दोन."

जिन्याखाली शिलाई मशीन मांडून बसलेल्या विमलबाईंनी दोघांची नावं विचारून वहीत लिहिली, फ्रॉक घेतला, ओमची पँट आखूड करायला घेतली आणि ढिगावर ठेवून दिली. "आज न्हाई व्हायचं. मंगळवारी या दोघं."

दोघं... विमलबाई सहज म्हणाल्या. तरी तेजलनं उगीच ओढणी सारखी केली.

घरी येताना स्कूटीवर संस्कृती सारखी ओमबद्दल बोलत होती. तो पुनावळ्याहून बसनं येणार, तोही पहिलीतच. तेजलच्या डोक्यात मात्र तो चष्मेवाला होता. ओम त्याला नावानं हाक मारतो म्हणजे काका असणार, नाहीतर मामा. आपल्यासारखाच, बहिणीच्या नाहीतर भावाच्या घरी राबणारा माणूस.

तेजलचंही तसंच झालं होतं. बहीण दीपमाला नुकतीच बाळंत झालेली, मेहुणे सुजित कंपनीत ओव्हरटाइमला अडकलेले. म्हणून ती महिनाभर चाकणजवळच्या गावाकडून निगडीला राहायला आली होती, आणि संस्कृतीच्या शाळेची सगळी तयारी तिच्यावर पडली होती.

मंगळवारी पहिली शिफ्ट संपल्यावर तिनं कंपनीच्या आरशात वेणी सोडली, पुन्हा घातली. मग स्वतःवरच वैतागली. शिंप्याकडं तर जायचंय!

तो आधीच येऊन बसला होता. विमलबाईंचं काम अजून चाललेलं. तेजल बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि वेळ जावा म्हणून पिशवीतून संस्कृतीची पुस्तकं आणि खाकी कागद काढला. पहिल्याच पुस्तकाला कव्हर घालताना कागद टर्रकन फाटला.

"रिजेक्ट," तो म्हणाला.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही. पण त्या पुस्तकाची दया आली. द्या इकडं."

त्याची बोटं भराभर चालत होती. कोपरा दुमड, कडेवरून नख फिरव, आत सरकव. तेजल कात्रीनं कागद कापून देत होती. मध्येच वारा आला, कागद उडायला लागले, तिनं पटकन तळहात दाबून धरला... त्यानंही. दोघांचे हात अगदी शेजारी आले. कुणीच लगेच काढला नाही.

"कुठं शिकलात हे?"

"गरजेनं," तो म्हणाला. "मी वाकडला सॉफ्टवेअर लिहितो. पण माझ्या कामातलं सगळ्यात नीट काम हेच."

"मग पुढच्या वर्षीही तुमच्याकडंच आणते."

"एवढं वर्षभर थांबायचं?"

तिनं मान वर केली. तो हसत नव्हता. चष्म्याआडचे डोळे तिच्याकडंच बघत होते, उत्तराची वाट बघत. तेजलचा चेहरा तापला. काहीतरी बोलायला हवं होतं... आणि ती बोलणारही होती.

"ओ ओमचे बाबा!" विमलबाईंनी हाक मारली. "झाली बघा पँट!"

"आलो," म्हणून तो उठला.

तेजलच्या हातातली कात्री तशीच राहिली. "तुम्ही... ओमचे बाबा?"

"हो." मग तिचा चेहरा बघून त्याचा आवाज उतरला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तो नावानं हाक मारतो तुम्हाला."

"घरात सगळे निमिष म्हणतात, म्हणून तोही..."

तेजल पुस्तकं पिशवीत कोंबायला लागली होती. कव्हर घातलेली, न घातलेली, सगळी एकत्र. "उशीर झाला. ताई वाट बघत असेल."

"तेजल, ऐका तरी –"

तिनं ऐकलं नाही. स्कूटी चालू होईना, दोनदा किक मारावी लागली.

वाटेत तिचे कान जळत होते. घरी बायको असणार त्याची. आणि आपण इथं वेणी पुन्हा घालून आलो! कागद काय दाबून धरला, हसलो काय... लाज कशी वाटली नाही? तिला त्याचा राग येत होता, पण स्वतःचा जास्त.

फ्रॉक आणायला तिनं सुजितना पाठवलं. दोन खिशांचा फ्रॉक घालून संस्कृती घरभर नाचली. दीपमालानं बाळाला थोपटत विचारलं, "तुझं काय बिनसलंय गं?"

"कुठं काय?"

कंपनीत मात्र सुपरवायझर म्हणाली, "तेजल, चांगला माल का रिजेक्ट करतेयस?"

शाळेच्या पहिल्या दिवशी जायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. पण सुजित शिफ्टला, ताई बाळापाशी. दुसरं होतं कोण?

शाळेच्या फाटकाशी भुरभुर पावसात छत्र्यांची दाटी झाली होती. आणि सगळ्यात मोठ्यानं रडत होता तो ओम. निमिषच्या पायाला मिठी मारून, काही केल्या सोडेना. निमिष खाली वाकून त्याला समजावत होता, पण त्याचाच चेहरा रडवेला झालेला.

तेजल मागेच थांबली. संस्कृती थांबली नाही. सरळ पुढं गेली, ओमचा हात धरला आणि म्हणाली, "चल. मला वर्ग माहितीये."

ओमनं रडता रडता तिच्याकडं बघितलं. काय वाटलं कोण जाणे, त्यानं पाय सोडला. दोघं हातात हात घालून आत गेली. एकदाही मागं न बघता.

निमिष सरळ उभा राहिला. समोर तेजल. आता पळायला जागा नव्हती.

"त्या दिवशी तुम्ही का गेलात ते कळलं मला," तो हळूच म्हणाला. "मुलगा आहे म्हटल्यावर... मी समजू शकतो. आधीच सांगायला हवं होतं."

"मुलाचं काय?" तेजल एकदम म्हणाली. "मुलगा आहे म्हणून कशाला जाईन मी? तुमची बायको घरी असेल म्हणून गेले!"

तो तिच्याकडं बघत राहिला. मग चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला. ओल्याच शर्टाला.

"बायको नाही," तो म्हणाला. "म्हणजे होती. ओम दोन वर्षांचा असताना आम्ही वेगळे झालो, कोर्टातून रीतसर. ती बंगळुरूला असते, सुट्टीत ओमला भेटते. घरी मी, ओम आणि माझी आई... एवढेच."

"खरं?"

"आईला फोन लावून देऊ?"

"नको!" म्हणताना तेजलला हसू फुटलं, आणि मग ते थांबेचना. ती छत्रीखाली तोंडावर हात धरून हसत होती आणि डोळे मात्र भरून येत होते. "इतक्या शिव्या घातल्यात मी तुम्हाला... मनातल्या मनात."

"आणि मी ठरवलं होतं की तुम्हाला पोरांचा त्रास नको असेल." तोही आता हसत होता, मोकळा. "चहा घ्याल? समोरच आहे टपरी."

तेजलनं टपरीकडं बघितलं. छत्रीच्या कडेवरून थेंब ओघळत होते.

"आमच्या घरी वडील आहेत, आबा," ती म्हणाली. "जुन्या वळणाचे. शंभर प्रश्न विचारतील. सोपं जाणार नाही."

"मी फक्त चहाचं विचारलं."

"मला माहितीये." तिनं वर बघितलं. "चहासाठी आबांना कोण विचारतं?"

त्याला कळायला एक क्षण लागला. आणि कळलं तेव्हा तो नुसता उभा राहिला, पावसात, छत्री मिटलेलीच.

"ओ पालक!" वॉचमननं शिट्टी वाजवली. "तुम्ही दोघं! बाजूला व्हा, बस येतेय."

मी पालक नाही, मावशी आहे... तेजलच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते सांगितलं नाही. छत्री थोडी त्याच्या बाजूला कलती केली आणि म्हणाली,

"चला. बाजूला होऊ या."