माती सोडणारा गालिचा

काशानच्या विहिरींचं पाणी मचूळ. साध्यासुध्या गालिच्यांना ते चालून जातं, पण हातानं गाठी मारलेल्या जुन्या लोकरीला तूरान ते लागू देत नसे. तसला गालिचा धुवायला आला की ती भावाला गाडी काढायला लावी आणि डोंगराच्या कुशीतल्या सेफीदाबच्या झऱ्यावर जाई. गाव केव्हाच उठलं होतं. अर्धं पुरानं नेलं, उरलेलं माणसांनी सोडलं. झरा मात्र वाहत होता, आणि खालचं दगडी टाकंही शाबूत होतं. बहीणभावाचं बालपण तिथलंच.

त्या दिवशीचा गालिचा तेहरानच्या फरंगीस खानम म्हणून एक बाई होत्या, त्यांचा. सुनेच्या घरी पाठवायचा होता. तिच्या भावानं, सैफुल्लाहनं, तो खडकावर उलगडला आणि तूरानच्या हातातली धूळ झाडायची छडी तशीच राहिली.

डाळिंबी जमीन, मधोमध निळ्या पदकाची नक्षी, चार कोपऱ्यांत चार मोर. त्यातल्या एकाला डोळाच नव्हता.

"सैफी… हा महलकाचा मोर."

"आबजी, ऊन लागलं तुला," सैफुल्लाह बहिणीला हसला. "आंधळे मोर काय आपल्याच घरात विणले गेले?" पण वाकून त्यानं मोरावर बोट ठेवलं, आणि मग तो हसला नाही.

महलका त्यांची धाकटी बहीण. दोघी बहिणी एकाच फळीवर मागासमोर बसत. नक्षीचा कागद तूरानच्या मांडीवर. ती रंग गाऊन सांगायची, "दोन लाल, पुढे निळी एक…" महलका गाठ मारून उलट गायची, "निळी एक, बसली!" तिच्या गालात नेहमी भाजलेले हरभरे, त्यामुळे निम्मा सूर तिथेच अडकायचा. खालच्या रस्त्यानं जाणारा भटारी ओरडायचा, "पोरींनो, आज निळ्याचा वार दिसतोय!" आणि दोघी खिदळत फळीवरून पडायच्या बेतात यायच्या. एकदा आईनं खरंच विचारलं होतं, "मोराला डोळा कुठाय गं?" महलका म्हणाली, "झोपलाय तो, उठवू नका."

गालिचा मागावरून उतरला तेव्हा तूरान गोवरानं अंथरुणात होती. बाकीचे तो धुवायला याच झऱ्यावर आले. वर डोंगरात कुठेतरी ढग फुटला आणि पूर आला. खाली आभाळ निरभ्र होतं म्हणतात… गालिचा पार खाली, एका तुतीच्या झाडाला गुंडाळलेला सापडला. महलकानं धरलेली कड फाटली होती. महलका सापडली नाही. बापानं तो गालिचा घरात येऊच दिला नाही. वाटेवरूनच विकला.

"परत नेऊ या," सैफुल्लाह म्हणाला.

"धुतल्याशिवाय?" तूराननं बाह्या वर सारल्या. "आपल्या हातचा आहे तो. दुसऱ्या कुणाला घासू देणार नाही मी."

तिनं छडीनं धूळ झाडली, पांढरं फडकं ओलं करून रंग सुटत नाही ना ते पाहिलं, साबणवेलीच्या मुळांचा फेस केला आणि लव ज्या अंगाला झुकते त्याच अंगानं ब्रश फिरवला. मग लाकडी फावड्यानं पाणी निपटायला लागली. पाणी लाल आलं. रंग नव्हता तो. माती होती, बारीक, पुराची लाल माती. पुन्हा पाणी, पुन्हा फावडं. पुन्हा लाल.

"आबजी, गालिचा धुतेस की शेत?" सैफुल्लाह म्हणाला, पण त्याचा आवाज कोरडा होता. चहाचं सामान आणतो म्हणून तो गाडीकडे गेला.

टळटळीत दुपार. एक पान हलत नव्हतं. फावड्याचा खर्र… खर्र… आणि झऱ्याची धार, एवढंच. हवेत ओल्या लोकरीचा वास होता, आणि त्यात हळूहळू दुसरा वास मिसळू लागला. भाजलेल्या हरभऱ्यांचा.

"…निळी एक, बसली…"

तूरानचा हात थांबला. गाडीतला रेडिओ असेल. पण सूर पाण्यातून येत होता, निम्मा गालातच अडकलेला.

"तीन लाल… बसल्या…" मग अगदी जवळून, कुरकुरीच्या स्वरात, "पुढे काय, तूरी? केव्हाची थांबलेय मी."

तूरी. त्या नावानं हाक मारणारं आता जगात कुणी नव्हतं.

ती पळाली नाही. पाय टाक्याच्या काठावर, अंगावर काटा, आणि छातीत मात्र कसलीतरी जुनी ऊब. फाटलेल्या कडेची नक्षी तिला आठवली. कागद नव्हता, पण ओळी जिभेवर होत्या. ती गाऊ लागली. म्हातारा, फुटका आवाज. "दोन पांढऱ्या… पुढे निळी एक…"

"निळी एक, बसली!"

ओळीमागून ओळ. मधेच पोर म्हणाली, "ये ना इकडे. फळीवर जागा आहे अजून." तूरानचा एक पाय पाण्यात गेला होता. बर्फासारखं पाणी. घोट्याला काहीतरी बोटांसारखं हळूच चाचपत होतं. तिनं डोळे मिटले.

"नाही गं राणी. मी सांगते, तू बांध. असंच ठरलंय ना आपलं?"

घोट्यावरचं चाचपणं थांबलं. मग, "बरं."

शेवटची ओळ सांगून झाली. "संपलं, महलका. उतरला गालिचा."

"मग आता… हात सोडू?"

तूराननं फावडं पुन्हा टेकवलं. "सोड, बाळा. सोड."

फावड्याखालून पाणी आलं ते काचेसारखं.

सैफुल्लाह परतला तेव्हा ती काठावर बसून रडत होती, आणि हसतही होती. दोघांनी मिळून गालिचा खडकावर पसरला. ऊन कलेपर्यंत चहा घेत ती महलकाच्या खोड्या सांगत राहिली, आणि कितीतरी वर्षांनी सैफुल्लाह ते ऐकू शकला.

गुंडाळायला म्हणून त्यानं कड उचलली आणि थबकला. फाटलेल्या जागी नव्या गाठी होत्या. लोकरीची टोकं लांब, न कातरलेली.

"ही कड तू केव्हा भरलीस? आणि या उलट्या का?" तो पुटपुटला. "मागाच्या पलीकडून, आपल्याकडे तोंड करून बसून मारल्यासारख्या… असं कोण विणतं, आबजी?"

तूराननं गाठ पक्की आहे का पाहायला एक निळं टोक चिमटीत धरलं आणि हलकेच ओढलं.

खाली नुसता खडक होता. तरी ते टोक तिच्या चिमटीतून सावकाश, अगदी हलक्या हातानं, आत ओढलं गेलं.