मंगळवारची बॅच

मिरजेच्या त्या डायलिसिस केंद्रातली यंत्रं दर सकाळी, येणाऱ्या रुग्णांच्या प्रकृतीप्रमाणे, आपला प्रोग्राम स्वतःच नव्याने लिहीत. तो सगळ्या चाचण्यांत पास झाला की मगच पहिली सुई टोचायची. पण चाचण्या नऊ हजारांवर गेल्या होत्या. त्या संपेतो अकरा वाजत आणि अंगाला सूज आलेली माणसं बाकावर ताटकळत बसत.

छाटणीचं काम माधुरी बेडेकरांकडे आलं. अठरा वर्षं चाचण्या लिहून बाई पार विटल्या होत्या. त्या मंगळवारी त्यांनी दोन पद्धती ताडून पाहिल्या. हावरी पद्धत दर वेळी सगळ्यात जास्त तपासणारी चाचणी उचले. संकरी पद्धत चाचण्यांचे चांगले संच पुन्हा पुन्हा एकमेकांत मिसळून पाही. हावरीने चारशे बारा ठेवल्या, संकरीने तीनशे ऐंशी. एका जागी मात्र दोघींचं वाकडं होतं. रक्तदाब घसरला तर नर्सने बंद केलेला यंत्राचा भोंगाही वाजलाच पाहिजे, ही चाचणी हावरीने घेतली. नर्सने बंद केलेला भोंगा दहा मिनिटं गप्पच राहिला पाहिजे, ही संकरीने. दोन्ही एकत्र पास होणं शक्यच नव्हतं.

मग सहा वर्षं त्या पास कशा होत होत्या? बाईंनी जुन्या नोंदी उघडल्या. डॉक्टर आणि नर्स यांच्यात वाद नको म्हणून सहा वर्षांपूर्वी तोडगा त्यांनीच काढला होता: सोम-बुध-शुक्र पहिली चाचणी, मंगळ-गुरू-शनी दुसरी. रोज नवा होणारा प्रोग्राम त्या दिवसाच्या चाचणीपुरताच शहाणा होतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि रुग्णही एक दिवसाआड, आपापल्या ठरलेल्या वारांनाच येत. म्हणजे मंगळ-गुरू-शनीवाल्यांचा रक्तदाब घसरला तरी बंद केलेला भोंगा दर वेळी गप्पच राही.

त्यांनी तंत्रज्ञ इरफान मुजावरला बोलावून सगळं सांगितलं.

"मंगळवारची बॅच जडच जायची, मॅडम. पेशंट बॅच बदलून मागायचे. आम्ही म्हणायचो, वारच वाईट."

बाईंनी भोंगा गप्प राहण्याची चाचणी कायमची काढली आणि छोटी यादी चालवली. गुरुवारी साडेसातलाच यंत्रं तयार झाली. बाकावरच्या सावंतकाकूंनी आत जाता जाता बाईंचा हात धरला.

"आज जेवायला घरी पोचंन बघा, तुमच्यामुळं. शेजारच्या खाटेवरचे कुंभारअण्णा असते तर त्यांनाबी बरं वाटलं असतं."

बाईंना मान वर करवेना. काकू आत गेल्यावर इरफानने हळूच विचारलं, "मॅडम, सहा वर्षांत गेलेल्यांची यादी काढू? बॅचवार?"