दोन हाका राहिल्या

त्या दिवशी मी शेतावर गेलो तो नातीला जेवायला बोलवायला. दुसरं काही काम नव्हतं. भात पिवळं पडलं होतं, ऊन डोक्यावर होतं. घरापासून हाकेच्या अंतरावर शेत, पण मी रानात माणसाला हाक मारत नाही, चालत जातो. गुडघे दुखले तरी. त्याचं कारण पुढं येईल.

माझी नात माधुरी कॉलेजला शहापूरला जाते. सुट्टीत डोळखांबच्या आमच्या पाड्यावर आली की लॅपटॉप घेऊन शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसते, कारण रेंज तिथंच. वेबसाइट बनवायला शिकते म्हणे. आणि शिकते कशी, तर खेळ बनवून. मी म्हटलं, फी भरून खेळायला कोण पाठवतं? तिनं सांगितलं की खेळात तीन फायली असतात. मला समजावं म्हणून म्हणाली, एक म्हणजे घराच्या मेढी, दुसरी म्हणजे कुडाला लावलेली शेणमाती नि रंग, तिसरी म्हणजे आत राहणारा माणूस. तिसरी नसली तर घर नुसतं उभं राहतं, काही करत नाही. मला पटलं. मी चौथीत शाळा सोडली, पण मेढी रोवल्यात.

खेळ आमच्याच शेताचा होता. भातावर पोपट उतरतात, बटण दाबलं की माळ्यावरचा म्हातारा हाक मारतो, पोपट उडतात. म्हातारा म्हणजे मी. हाकही माझीच. आठवड्यापूर्वी तिनं मोबाइल धरला आणि मी ओहोळाकडं तोंड करून तीन हाका दिल्या. होऽऽ. होऽऽ. होऽऽ. आमच्यात पाखरं उठवायची नि माणसाला बोलवायची हाक एकच.

मी शिडी चढून वर बसलो. तिनं बटण दाबलं.

होऽऽ.

बाकीच्या दोन कुठं गेल्या, मी विचारलं.

"कापल्या, आजोबा. फाइल जड व्हायची. दर वेळी तीन हाका वाजल्या तर खेळणारा कंटाळंल."

"किती वेळा वाजवलीस अशी?"

"आठ दिवस तपासतेय. शंभर वेळा... दोनशे..."

आमच्याकडं लहानपणीच सांगतात, रानात एका हाकेला ओ द्यायची नाय. माणूस असला तर तीनदा हाक मारतो. दुसरं जे असतं ते एकदाच मारतं.

तिनं परत बटण दाबलं. होऽऽ.

ओहोळापलीकडून आवाज आला. लांबून, सावकाश.

"ओ..."

माधुरी हसली. "रोज देतो. डोंगर बोलतो, आजोबा. पहिल्या दिवशी पार वरून बोलायचा. आता ओहोळापर्यंत आला."

डोंगर आपलंच बोललेलं परत देतो, गाढवे. होऽऽ म्हटलं तर होऽऽ म्हणतो. ओ म्हणत नाही. पण हे मी तिला बोललो नाही. आवाज मी ओळखला होता.

माझा धाकटा भाऊ, बुधू. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. राखणीची पाळी माझी होती, मी तापाचं सोंग करून त्याला पाठवला. त्यावरून सकाळी भांडलो. दुपारी आईनं त्याला जेवायला बोलवायला मला धाडलं. मी बांधावरूनच हाक मारली. एकच. ओ आली नाही. येणार कशी, तो नियमाचा पक्का, उरलेल्या दोन हाकांची वाट बघत बसला असणार. मला राग आला. उपाशी मर म्हटलं आणि घरी गेलो. संध्याकाळी माळ्यावर त्याची गोफण होती, बुधू नव्हता. पुढंही कधी सापडला नाही.

मी नातीला म्हटलं, "त्या दोन हाका परत लाव."

"सोमवारी सरांना दाखवायचाय खेळ. आता कशाला..."

"लाव गो. राहिल्यात त्या."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि वाद घातला नाही. पाच मिनिटं टकटक केली. मग लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. बटण मी दाबलं.

होऽऽ. होऽऽ. होऽऽ.

ओ आली नाही. वारा पडला होता. मग ओहोळाच्या काठचे पोपट उठले. खेळातले नाहीत, खरे. त्यांच्या अलीकडचे उठले. मग त्यांच्या अलीकडचे. बांधाच्या रेषेत, माणूस चालत यावा तसे, आमच्या माळ्यापर्यंत. खाली कोणी नव्हतं. ओल्या चिखलाचा वास मात्र आला, आणि बांध तर पंधरा दिवस कोरडा होता.

"चल, जेवायला," मी म्हटलं. नक्की कोणाला म्हटलं ते मला विचारू नका.

आम्ही घरी आलो. वाटेत मी मागं पाहिलं नाही, तिलाही पाहू दिलं नाही. माझी बायको हिराबाई चुलीपाशी होती. ती या घरात आली बुधू गेल्यावर चार वर्षांनी. तिनं त्याला कधी पाहिलेलं नाही, आणि फोटो काढायची तेव्हा आमची ऐपत नव्हती. ती स्वतः आधीच जेवली होती.

पाटांपुढं तीन ताटं वाढलेली होती.

मी तिसऱ्याकडं बघत राहिलो, तर ती माझ्यावरच खेकसली.

"बघता काय? पाय धुऊन मघाशीच बसलाय तो. म्हणतो, दादा आल्याबिगर जेवत नाय."