उलट हाक

खूणहातोडा खांद्यावर टाकून आर्सेन रानात निघाला. फ्रान्समधल्या व्होज डोंगरातल्या एका गावात त्याने जन्मभर वनरक्षकाचं काम केलं होतं. तोडायच्या झाडाची साल सोलायची, हातोड्याने शिक्का ठोकायचा आणि झाडाचं नाव ओरडायचं. जोडीदाराने तेच नाव पुन्हा ओरडायचं. उलट हाक आली, की झाड गेलं.

तरुणपणी धाकटा भाऊ ल्युक हाक द्यायचा, आर्सेन उलटवायचा.

आज बरोबर नगराध्यक्ष गॅस्पार होता.

"पाय उचला, काका. वारसा-संग्रहालयाची तुळई त्या जुन्या ओकच्या झाडाची करायची. पाटीवर ल्युकचं नावही घालू की!"

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ल्युकला त्याच ओकला बांधून गोळ्या घातल्या होत्या. तो कुठे लपलाय, ते गॅस्पारच्या बापाने दाखवलं. गावाला सगळं ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही. ल्युकची कबरसुद्धा नव्हती. आर्सेनपाशी उरला होता तो एवढा ओक.

"पकडून कुणी दिलं, तेही लिहिणार का पाटीवर?"

"जुनं कशाला उकरताय? मेलेली माणसं बोलायला येतात होय?"

भर दुपारी धुकं उतरलं. कुजक्या पानांचा वास दाटला. आर्सेनने साल सोलली, हातोडा उचलला... आणि खाली ठेवला.

"माझ्याच्याने नाही होणार, गॅस्पार. राहू दे रे एवढं झाड."

"मग उद्या दुसरा कुणी ठोकेल."

ठक्.

हातोडा तर जमिनीवर पडला होता.

"काका... कोण आहे तिकडे?"

ओकच्या मागून एक कोवळा, ओळखीचा आवाज आला. "गॅस्पार..."

"गॅस्पार!" आर्सेनच्या तोंडून उलट हाक गेली. सवयीने गेली. आवरता आली असती का, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

गॅस्पार मान चोळत, अडखळत घरी गेला. रात्री बायकोने पाहिलं, मानेवरची कातडी सोललेली आणि मधोमध गोल शिक्का. सकाळी तो उठलाच नाही.

ओक अजून उभा आहे. धुक्यात कधी ठक् वाजतं, गावातल्याच कुणाचं तरी नाव ऐकू येतं. मग सगळं गाव ओठ आवळून बसतं, आया पोरांच्या तोंडावर हात दाबतात. गप्प बसायची सवय गावाला जुनीच.

तरी उलट हाक येते. आवाज आर्सेनचा असतो. आणि आर्सेनला तर गावानेच केव्हाचं पुरलंय.